दुर्पतामायच्या भाच्या

दुर्पतामायच्या हातांना कोपरापर्यंत केस नव्हते. चाळीसेक वर्षं खापरावर मांडे टाकून तो भाग भाजून भाजून गुळगुळीत झाला होता आणि मधेमधे पांढरट डाग उमटले होते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते कोड वाटलं आणि मी तसं तोंडावर विचारलंही. पंचविशीत माणसाला कुठं काय विचारू नये याची अक्कल असतेच असं नाही. ती म्हणाली, "कोड नाई व बाई, हे माहं सर्टिफिकेट हाये. तुहं कागदावर असंन, माहं हातावर हाये."

मी मूळची साताऱ्याकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या नोकरीनं मला बुलडाणा जिल्ह्यात, पिंपळगाव राजाच्या पुढं कोसभरावरच्या एका लहान गावात नेऊन टाकलं. तिथं दुर्पतामायच्या शेजारची खोली मला भाड्यानं मिळाली. माझी बोली ऐकून ती पहिला आठवडाभर नुसती बघत राहायची. मग एकदा म्हणाली, "म्हंजे तूबी आणलेलीच म्हना. फरक एवढाच, तुले सरकारनं आणलं."

हा टोमणा कळायला मला वेळ लागला. त्या भागात बऱ्याच घरांतल्या मुलांना लग्नाला पोरी मिळत नव्हत्या. तिशी-पस्तिशी उलटली की घरचे एखाद्या दलालाला गाठायचे, आणि तो ओडिशातून, बंगालातून, छत्तीसगडातून कुठल्यातरी गरीब घरची पोरगी घेऊन यायचा. देवळात माळ घातली की झालं लग्न. गाव अशा बाईला 'आणलेली' म्हणायचं. बैल आणला, कूलर आणला, बाई आणली, शब्द तोच. ती टिकली तर टिकली. नाही पटलं, पोरगीच झाली, नवरा मेला, की तिला हाकलून द्यायलाही काही लागायचं नाही, कारण कुठं काही लिहिलेलंच नसायचं. अशा हाकललेल्या बायका, आणि मेळघाटातून सोयाबीन काढायला येऊन इकडंच अडकलेल्या एकदोघी, दुर्पतामायच्या ओट्यावर येऊन बसायच्या. ती त्यांना मांडे शिकवायची.

मांडे म्हणजे पुरणाचीच पोळी, पण ती पाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. हात मागं घ्यायला जरा उशीर झाला की चटका. लग्नात, तेरवीला, मोठ्या घरच्या जेवणात मांडे लागतात आणि ते करता येणाऱ्या बायका आता कमी उरल्यात. त्यामुळं ज्या बाईच्या हाताला हे जमलं, तिला कुणापुढं हात पसरावा लागत नाही, असा दुर्पतामायचा हिशेब होता. शिवणयंत्र-बिवणयंत्राच्या योजना तिच्या कानावर होत्या. ती म्हणायची, मशीन नवरा विकून टाकते, हात कोन विकंन?

शिकवायची पद्धत मात्र कसायाची. पहिला महिना पुरण नाही, चूल नाही. नुसती कणीक हातावर ताणायची, फाटली की परत परातीत. रडली एखादी तर रडू द्यायची. "रड, पन हात थांबवू नको," एवढंच. कुणी पायाशी वाकली की पाय मागं घ्यायची. कौतुक करणं तिला जमायचं नाही, आणि करून घेणं त्याहून नाही. पंगतीत कुणी मांड्याची तारीफ करायला लागलं की ती तिकडून ओरडायची, तोंड बंद करून खा, मांडा उडंन.

सोमती नावाची एक मेळघाटातली बाई होती. तिचा नवरा काम झाल्यावर बरोबर हजर व्हायचा. एका तेरवीच्या घरी यजमानानं सोमतीचे पैसे त्याच्या हातात दिले. बाईमाणसाला काय द्यायचे, असा साधा विचार. दुर्पतामायनं ते पाहिलं आणि तापलेलं खापर फडक्यानं धरून चुलीवरून उतरवून ठेवलं. अर्धी पंगत जेवायची होती. ती ओट्यावर जाऊन बसली आणि तंबाखू मळायला लागली. यजमान विनवण्या करायला लागला तेव्हा म्हणाली, जिच्या हाताले चटका, तिच्या हातात पैसा; नाई तर तुह्या पाहुण्याइले मुरमुरे वाढ. नवऱ्याकडून परत घेतलेले पैसे सगळ्यांसमोर सोमतीच्या हातात पडले, मगच खापर पुन्हा चुलीवर चढलं. सोमतीनं पुढं धारणीकडं स्वतःची खाणावळ टाकली असं ऐकलं. दुर्पतामायचं जे काही यश म्हणायचं ते तेवढंच.

पण मांड्यांना एक आडकाठी होती. सण-कार्याचं अन्न कुणाच्या हातचं, हे विचारल्याशिवाय तिकडं घास उतरत नाही. "हे कोनाची?" असं विचारलं की गाव, नातं, सोयरे सगळं सांगावं लागतं. त्यावर दुर्पतामायनं साधा तोडगा काढला होता. प्रत्येक बाई तिच्या मावसबहिणीची पोरगी. कणीक ताणताना ती त्यांच्याकडून पाठ करून घ्यायची: आईचं नाव अमुक, गाव अमुक, मामा तमुक. आपल्या गावात सगळे ओळखायचे, म्हणून गावातले मांडे ती एकटी करायची आणि भाच्यांना फक्त परगावी न्यायची. इतक्या भाच्या एकाच मावसबहिणीला कशा, हे सहा-सात वर्षांत कुणी मोजलं नाही.

आणि एक तिचा स्वतःचा नियम होता. चूल पेटायच्या आत ती वाटेल ते खोटं बोलायची. एकदा पेटली की नाही. अन्न शिजत असताना खोटं बोललं तर ते अन्न खाणाऱ्याला बाधतं, असं तिच्या सासूनं तिला सांगितलेलं, आणि ते तिच्या हाडीमासी गेलेलं. म्हणून यजमानाच्या अंगणात शिरल्या शिरल्या ती न विचारताच भाचीची सगळी वंशावळ मोठ्यानं सांगून टाकायची, आणि मग काडी ओढायची. त्यानंतर तोंडाला कुलूप. लोकांना तो तोरा वाटायचा. मला तो सगळा प्रकार गमतीचा वाटायचा आणि मी तो शाळेत इतर बाईंना रंगवून सांगायचे. आता त्याची लाज वाटते.

सुकांती आली ती मी तिथं गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी. तिला आमच्याच गावातल्या संजूसाठी ओडिशाकडून आणलेलं. सहा वर्षं राबवलं, एक मुलगी झाली, आणि मग सासू म्हणायला लागली की हिच्या पोटी पोरगा नाही. एके सकाळी तिची पेटी बाहेर आली. मुलगी आत राहिली. परी तिचं नाव, तेव्हा चार वर्षांची. सुकांती त्या दारात दोन दिवस बसून होती. तिसऱ्या दिवशी दुर्पतामायनं जाऊन तिला उठवून आणलं. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण आल्यावर तिनं सुकांतीला माझ्यासमोर जे सांगितलं ते स्पष्ट होतं. "आज तू पोरगी मांगशीन तं ते म्हनतीन, ठेवशीन कुठी, खिलावशीन काय? आदी खोली कर. हातात काम घे. मंग मी सोता तुह्यासंगं पोलिसात येतो. पोरगी घेऊन देतो तुले."

सुकांती शिकली ती पोरीसाठी. दुसऱ्या कुणाला वर्ष लागायचं ते तिनं चार महिन्यांत उचललं. कणीक फाटली की ती रडायची नाही, परीचं नाव घ्यायची. तिचे मांडे दुर्पतामायच्या मांड्यांहून पातळ व्हायला लागले तेव्हा दुर्पतामाय माझ्याकडं येऊन म्हणाली, पाहून राह्यली ना व बाई? एवढंच, आणि निघून गेली. तिच्याकडून तेवढं म्हणजे भारतरत्न. त्या उन्हाळ्यात दोघींना उसंत नव्हती. सुकांतीनं पिंपळगावला एक खोलीही बघून ठेवली. खिडकी शाळेच्या बाजूला आहे, म्हणून ती घ्यायची म्हणाली. हळदीची दोन मोठी जेवणं उरकली की खोली, आणि खोली झाली की पोलीस, असं ठरलं होतं.

त्यातलं पहिलं जेवण उंद्रीकडच्या एका गावात होतं, सोपानराव म्हणून मोठे जमीनदार, त्यांच्याकडं. त्यांची सून माझ्या ओळखीची, म्हणून मलाही बोलावणं होतं. मी पंगतीत बसले होते. अंगणाच्या कडेला दोन चुली, एकीवर दुर्पतामाय, एकीवर सुकांती. नवऱ्या मुलाकडचे पाहुणे उशिरा आले आणि त्यांच्यात सुकांतीची सासू होती. कुठून तरी लांबची आत्या लागत होती म्हणे. ती पानावर बसली, मांडा वाढून घेतला, आणि मग तिचं लक्ष चुलीकडं गेलं.

ती फार मोठ्यानं बोलली नाही. तिला गरजच नव्हती. शेजारच्या बाईला म्हणाली की ही दुर्पतीची भाची-बिची कोणी नाही, ही आम्ही आणलेली, ओडिशाची, हिची जात ना पात कुणाला माहीत, आम्ही काढून दिली. पंगतीतून ते तोंडातोंडी सरकत गेलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात तसली ती बाई. सहा वर्षं हिच्याच हातचं खाल्लंत की, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. ती सासू सोडली तर पंगतीतल्या पन्नास माणसांत ते ठाऊक असलेली मी एकटी होते. मी घास गिळला आणि गप्प बसले.

लोक पानांवरून उठायला लागले. सोपानरावांची म्हातारी आई चुलीपाशी आली. भांडखोर नव्हती ती, पण चुलीचा तो नियम तिच्या पिढीलाही ठाऊक होता. अगदी हळू, समजुतीनं म्हणाली, "दुर्पता, चूल पेटेल हाये. खरं सांग. तुही कोन व्हय हे?"

दुर्पतामायच्या खापरावर मांडा होता. तो तिनं करपू दिला. मग म्हणाली, "कोनीच नाई. माही कोनी लागत नाई ते."

सुकांतीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणलेला मांडा होता. तो खापरावर टाकायचा की नाही हे तिला कुणी सांगेना. ती तशीच हात पुढं करून उभी राहिली, बराच वेळ. मग तिनं तो गोळा करून परातीत ठेवला, घंगाळात हात धुतले, आणि फाटकाबाहेर जाऊन थांबली. झालेले मांडे त्या लोकांनी जनावरांपुढं टाकले.

परत येताना काळीपिवळी जीपमध्ये आम्ही तिघी मागच्या बाकावर होतो. पिंपळगाव आलं तेव्हा सुकांती पहिल्यांदा बोलली. तिची भाषा अर्धी हिंदी, अर्धी इकडची. "माय, झूठ नहीं बोलना था, ठीक. पन 'कोनी नाई' काऊन बोलली तू?"

सुकांतीनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती शेगावला जाऊन सुरतेच्या गाडीत बसली. तिकडं कापडाच्या कारखान्यांत तिच्या मुलखाची माणसं खूप, त्यांच्या खाणावळीत पोळ्या करायला बायका लागतात, असं तिला कुणीसं सांगितलं होतं. जाताना संजूच्या दारावरून गेली. दार लावलेलं होतं.

त्यानंतर दुर्पतामायला मांड्यांचं बोलावणं आलं नाही. परगावचं नाही आणि गावातलंही नाही. चाळीस वर्षं ज्यांच्या घरची बारशी-तेरव्या तिनं पार पाडल्या, ते रस्त्यात दिसले की मोबाईल काढून बघायला लागायचे. ती फक्त 'कोनीच नाई' या एका वाक्यापाशी अडकून पडली. दळण टिपता टिपता मधेच थांबायची. एकदा मला म्हणाली, "भाची नाई, इतकं बोलून थांबाले पाह्यजे होतं मी. खरं बोलाले गेली अन् खोटं बोलून आली, बाई." मी म्हटलं, माय, तुमच्या जागी कुणीही घाबरलं असतं. ती म्हणाली, घाबरली नव्हती व. माह्या चुलीचं पाह्यलं मी, तिचं नाई.

पुढच्या जूनमध्ये परी माझ्या वर्गात आली, पहिलीत. त्याच आठवड्यात दुर्पतामाय माझ्या दारात उभी. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं. शाळेत खिचडी शिजवणारी बाई बाळंतपणाला गेली होती, ती जागा तिला हवी होती. मानधन नावापुरतं आणि तेही चार-चार महिने थकणारं. मी मुख्याध्यापकांकडं शब्द टाकला. सोपानरावांच्या पंगतीत मिटलेलं तोंड तेवढ्यापुरतं उघडलं, असं स्वतःला समजावलं.

शाळेत गॅस होता. तिला तो आवडायचा नाही. याले का चूल म्हनते का कोनी, म्हणायची. पण खिचडीत तिचा हात उतरायचा. मुलं वाटी चाटून पुसून ठेवायची. वाढून झालं की ती परीच्या शेजारी भिंतीला टेकून बसायची, आणि बरोबर एकच्या सुमाराला तिच्या पोलक्यातला बटणांचा फोन घुरघुरायचा. ती पदराआड हात घालून एक बटण दाबायची आणि फोन तसाच मांडीवर पदराखाली ठेवायची. मग परीला विचारायची. काय व, पोट भरलं का? सर्दी गेली का? ते गानं म्हन बरं कालचं.

पलीकडं सुरतेहून सुकांती असायची; तिचा नंबर दुर्पतामायनं कसा मिळवला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. परीला आईबद्दल काही सांगितलं तर पोरीला शाळेतून काढू, असं तिच्या आजीनं दुर्पतामायला दारात येऊन बजावलं होतं. म्हणून बोलायचं काही नाही, फक्त ऐकायचं, असं दोघींचं ठरलेलं. मला हे कळायला महिना गेला. कळल्यावर मी एकच्या सुमाराला मुलांना गप्प बसा म्हणून दटावायला लागले, म्हणजे पलीकडं परीचा आवाज नीट पोचावा. दुर्पतामायनं ते ओळखलं असणार. माझ्या ताटलीत लोणचं यायला लागलं.

सुरतेला सुकांतीचं बरं चाललं होतं. खोली होती, बँकेत स्वतःचं खातं होतं, खाणावळवाली हिच्या भरवशावर गावाला जायची. दुर्पतामायनं मनात धरलं होतं ते सगळं झालं होतं. दिवाळीत ती येणार आणि दोघी पोलिसात जाणार, असं पुन्हा ठरत होतं.

दिवाळीच्या आधी संजूनं दुसरी आणली. तिचं मूळ नाव काय होतं कोण जाणे, इथं वैशाली ठेवलं. काही दिवसांनी संजू शाळेत आला. परीच्या जन्माचा दाखला कधी काढलेलाच नव्हता, आणि प्रवेशाच्या वेळी आईच्या नावाचा रकाना मी मोकळा सोडला होता. तो भरा म्हणाला. वैशाली लिहा. मी थोडी घुटमळले. तो म्हणाला, बाई, पहिल्या बायकोचा कागद हाये का तुमच्यापाशी? नव्हता. कुणाकडंच नव्हता. मी पेन उचललं आणि लिहिलं. दुर्पतामायला सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणता राहून गेलं, असं म्हणणंही खोटंच. मला तिच्या तोंडाची भीती वाटली.

पहिलीला 'माझी ओळख' असते. प्रत्येक मुलानं उभं राहून पाच-सहा वाक्यं म्हणायची. मी हजेरीपट समोर ठेवून एकेकाकडून पाठ करून घेतली. परीचा आवाज खणखणीत. तिला सगळ्यांआधी पाठ झालं.

त्या दुपारी दुर्पतामाय नेहमीसारखी तिच्या शेजारी बसली. फोन आला, पदराखाली गेला. मी दोन हात अंतरावर मुलांच्या ताटल्या मोजत होते. तिनं विचारलं, आज काय शिकोलं व बाईनं? म्हनून दाखव, मोठ्यानं म्हन.

परी ताटली बाजूला ठेवून उभी राहिली. हात मागं बांधले, मी शिकवलं होतं तसे.

"माझे नाव परी. माझ्या वडिलांचे नाव संजय. माझ्या आईचे नाव वैशाली. माझी आई मला खूप आवडते."

दुर्पतामायनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. तिनं पदरावरून फोनवर हात ठेवला, पण तो बंद केला नाही.

परी तिच्याकडं बघत उभी होती. "बरोबर म्हटलं ना, माय?"

"हाव व," दुर्पतामाय म्हणाली. "बरोबर म्हटलं. बस, जेव आता."

दुसऱ्या दिवशी एक वाजला, फोन आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. तिनं करून पाहिला तर नंबर बंद. दिवाळी आली, गेली. मेमध्ये माझी बदली झाली, आणि सामान टेम्पोत चढवून मी शाळेची किल्ली द्यायला गेले. दुष्काळी भाग म्हणून सुट्टीतही पोषण आहार सुरू होता. ओसरीवर पाच-सात मुलं जेवत होती, परी त्यांच्यात. दुर्पतामाय भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर पदराखाली फोन. मी आल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. ती परीला विचारत होती, किती खाल्लं, पाय कशानं खरचटला, सर्दी गेली का. एकेक शब्द सुटा, मोठ्यानं, लांब असलेल्या माणसाला ऐकू जावा असा.